आधी पद, मग पगार : नंदुरबारच्या रुग्णवाहिकेतला तंत्रज्ञ

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे बोलण्यात सगळे ज्याला ईएमटी म्हणतात, त्याला नंदुरबार जिल्ह्यात पगार किती आणि नोकरी मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न दरवर्षी बारावीचा निकाल लागला की नव्याने विचारला जातो. पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिराती त्याचं उत्तर मोठ्या अक्षरात देतात. प्रत्यक्षातलं उत्तर फार छोट्या अक्षरात आहे. खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार साधारण बारा ते अठरा हजारांच्या पट्ट्यात अडकतो. सरकारी रुग्णवाहिकेवर तर या माणसाची जागाच ठेवलेली नाही. जिल्ह्याला त्याची गरज नाही म्हणून हे झालेलं नाही, आणि हे काम कमी दर्जाचं आहे म्हणूनही नाही. महाराष्ट्राने रुग्णवाहिका सेवा उभी करताना डॉक्टर आणि चालक या दोघांच्या मध्ये तिसरी पायरी बांधलीच नाही. ज्याचं पद आकृतिबंधात नाही त्याला वेतनश्रेणी नसते, ज्याला वेतनश्रेणी नाही त्याला बढती नसते, आणि बढती नसलेल्या कामात हुशार मुलं दोन वर्षांपेक्षा जास्त टिकत नाहीत. पगाराची सगळी चर्चा या एका गाठीपाशी येऊन थांबते, म्हणून आधी तीच सोडवायला हवी.

गरज किती आहे हे कळायला जिल्ह्याचा नकाशा पुरेसा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५ आणि त्यातले जवळजवळ सत्तर टक्के लोक अनुसूचित जमातींचे. दक्षिणेला तापीचं सपाट खोरं, उत्तरेला सातपुडा आणि त्याच्याही पलीकडे नर्मदा. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतले कित्येक पाडे सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी आहेत. तिथे बोटीशिवाय पोचता येत नाही, म्हणूनच आरोग्य खात्याला ‘तरंगता दवाखाना’ चालवावा लागतो. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला बांबूच्या झोळीतून आणणं ही इथली नेहमीची बाब आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदसैली घाट बंद पडला आणि आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याच्या खांद्यावरच तिने प्राण सोडला. तेव्हा चर्चा रस्त्याची झाली आणि ती रास्तच होती. दक्षिणेकडे धोक्याचं रूप वेगळं आहे. सुरत-धुळे महामार्ग नवापूर, विसरवाडी आणि कोंडाईबारी घाटातून जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये याच घाटात खासगी बस कोसळून माणसं गेली. डोंगरात बाळंतपण, सर्पदंश आणि सिकलसेलचा झटका, तर महामार्गावर फुटलेली डोकी आणि मोडलेली हाडं. रुग्ण धुळ्याला न्या किंवा सुरतेला, वाटेतला वेळ तासांमध्येच मोजावा लागतो.

वाटेतल्या या वेळात गाडीत नेमकं काय करावं लागतं, हे जवळून पाहिलं तर या कामाचं मोल कळतं. अक्राणी तालुक्यातल्या धडगावहून नंदुरबारला ‘रेफर’ केलेला, धाप लागलेला रुग्ण घ्या. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दहा लिटरने सोडला तर तो अडीच तासांत संपतो आणि पावसाळ्यात घाट उतरून नंदुरबार गाठायला तेवढा वेळ सहज लागतो. म्हणजे गाडी हलण्याआधी गेज पाहून किती लिटर शिल्लक आहे, किती वेगाने सोडता येईल आणि जोडसिलिंडर कुठे बदलायचा, हा हिशेब कुणीतरी केला पाहिजे. गाडीतच बाळंतपण झालं तर बाळ कोरडं करून आईच्या अंगाला लावायचं, नाळ दोन ठिकाणी बांधून मध्ये कापायची आणि त्यानंतर आईचं ओटीपोट चोळत गर्भाशय घट्ट होतंय की नाही हे बघत राहायचं, कारण पुढच्या तासाभरातला रक्तस्राव हाच तिच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो. अपघातातल्या माणसाची मान न हलवता त्याला स्पाइन बोर्डवर घ्यायचं, उलटी घशात अडकू नये म्हणून एका कुशीवर वळवायचं, गरज पडली तर अंबू बॅगने श्वास द्यायचा. यातलं एकही काम फक्त पुस्तक वाचून येत नाही. मात्र त्यासाठी साडेपाच वर्षांची पदवीही लागत नाही. लागतो तो कसून करून घेतलेला सराव, लेखी कार्यपद्धती आणि फोनवर सल्ला देणारा डॉक्टर.

भारतात १०८ या क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत झाली, आणि तिथल्या ईएमआरआय संस्थेने जी घडी बसवली तिच्यात गाडीवर एक प्रशिक्षित ईएमटी, एक चालक आणि नियंत्रण कक्षात फोनवर डॉक्टर अशी रचना होती. गुजरातने २००७ मध्ये तीच स्वीकारली. महाराष्ट्राने २६ जानेवारी २०१४ ला आपली १०८ सेवा सुरू केली ती वेगळ्या वाटेने. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक, नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला, चालवण्याचं काम बीव्हीजी कंपनीकडे, आणि गाडी कुठल्याही प्रकारची असो, तिच्यात डॉक्टर. हा डॉक्टर बहुधा बीएएमएस पदवीधर, त्याच्या सोबतीला ‘पायलट’ म्हणजे चालक. डॉक्टरसह येणारी रुग्णवाहिका हा या सेवेचा अभिमानाचा मुद्दा राहिला आहे. त्याचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. अक्कलकुव्याच्या सीमेपलीकडे सागबारा-डेडियापाड्यात आणि नवापूरपलीकडे उच्छल-सोनगडमध्ये ईएमटी ही रोजची, ओळखीची नोकरी आहे. सीमेच्या अलीकडे तेच शिक्षण घेतलेल्या मुलाला सरकारी गाडीत बसायला आसन नाही. मार्च २०२४ मध्ये राज्याने सुमित फॅसिलिटीज, बीव्हीजी आणि एक स्पॅनिश कंपनी यांच्या समूहाला पुढच्या दहा वर्षांचं काम दिलं. त्यात १,७५६ वाहनांची तरतूद आहे आणि १६६ मोटारसायकली व २५ बोटीही आहेत. बोट आणि मोटारसायकल ही दोन्ही सातपुड्याच्या कामाची वाहनं. पण वाहनांची संख्या जाहीर करताना जितका तपशील पुढे येतो, तितका त्यांवर बसणाऱ्या माणसाच्या दर्जाबद्दल येत नाही.

पगाराची तुलना करायची तर राज्याच्या सातव्या वेतन आयोगाच्या रांगेपासून सुरुवात करू. सरकारी वाहनचालकाचं मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होतं. आरोग्य सेवकाचं २५,५०० पासून, औषध निर्माण अधिकाऱ्याचं २९,२०० पासून आणि अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. यावर महागाई भत्ता, घरभाडे, दरवर्षीची वेतनवाढ. जीव वाचवण्याच्या कामात या चौघांच्या बरोबरीने उभा राहणारा तंत्रज्ञ या रांगेत कुठेच नाही. त्यामुळे त्याचा पगार बाजार ठरवतो, आणि नंदुरबारसारख्या ठिकाणी बाजार म्हणजे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी खासगी रुग्णालयं. तिथे ईएमटीला कॅज्युअल्टीत ड्रेसिंग करायला, वॉर्डात सलाइन लावायला आणि वेळ पडली तर बिलाच्या खिडकीवर बसायलाही सांगितलं जातं. काम कुठलंही चालतं, म्हणून पगारही कितीही चालतो. हा केवळ आपल्याकडचा दोष आहे असंही नाही. अमेरिकेत मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार ईएमटीचा मध्यम वार्षिक पगार ४१,३४० डॉलर होता, तर सर्व व्यवसायांचा मिळून ४९,५००. म्हणजे तिथेही हा माणूस सरासरीच्या खालीच आहे. फरक पुढच्या पायरीचा आहे. तिथला ईएमटी शिकून पॅरामेडिक झाला की मध्यम पगार ५८,४१० डॉलरवर जातो. आपल्याकडे ती वरची पायरी नसल्यामुळे पहिला पगार हाच जवळजवळ शेवटचा पगार ठरतो.

दुसरी अडचण कंत्राटाची आहे. १०८ च्या गाडीवरची माणसं सरकारचीही नाहीत आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचीही नाहीत, ती सेवा चालवणाऱ्या कंपनीची आहेत. मार्च २०२४ मध्ये राज्याने अभियानातल्या दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा निर्णय घेतला. योगायोगाने १०८ लाही त्याच वर्षी दहा वर्षं पूर्ण झाली होती. पण गाडीवरचे कर्मचारी कंपनीचे असल्यामुळे त्या निर्णयाच्या कक्षेबाहेरच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जगजित सिंग खटल्यात तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. मात्र त्यासाठी तुलना करायला तेच काम करणारा कायम कर्मचारी समोर असावा लागतो. ज्या पदावर राज्यात कुणी कायम नेमलेलाच नाही, त्याने आपली तुलना कुणाशी करायची? पद नसण्याची किंमत अशी न्यायालयातही मोजावी लागते. पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या नोकऱ्यांचंही तेच आहे. २९ ऑगस्ट २०१९ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने सतरा संवर्गांतली पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याचं ठरलं. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पण संवर्गच अस्तित्वात नसेल तर त्यात स्थानिकांना हक्क तरी कसला मिळणार?

आता नोकऱ्यांच्या संख्येचा हिशेब मांडू, कारण जाहिरातींचा फुगा इथेच फुटतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा सर्वसाधारण निकष एक लाख लोकसंख्येमागे एक प्राथमिक आणि पाच लाखांमागे एक प्रगत रुग्णवाहिका असा आहे. या निकषाने नंदुरबारला सुमारे वीस गाड्या लागतात. आठवड्याचे १६८ तास प्रत्येक गाडीवर एक तंत्रज्ञ हवा. बारा तासांची पाळी आणि आठवड्याला सहा दिवस, म्हणजे माणशी ७२ तास काम धरलं तर वीस गाड्यांना ४७ माणसं पुरतात. आठवड्याला ४८ तास पाळले तर ७० लागतात आणि रजा-आजारपण धरून ८०. म्हणजे नुसती पाळी लांबवून तेवीस नोकऱ्या गिळल्या जातात, आणि ज्यांना नोकरी मिळते त्यांच्या ताशी पगाराचंही वाटोळं होतं. महिन्याला पंधरा हजार हा आकडा ४८ तासांच्या आठवड्याला जेवढा वाटतो, तेवढा ७२ तासांच्या आठवड्याला राहत नाही. ताशी दर दोनतृतीयांशावर येतो. याशिवाय जिल्ह्यात पन्नासहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमातून २०११ पासून चालणाऱ्या १०२ च्या गाडीवर बहुतेकदा चालक एकटाच असतो, गर्भवतीसोबत बसते ती आशाताई. या गाड्यांवर प्रत्येकी दोन तंत्रज्ञ दिले तरी आणखी शंभर जागा होतात. सगळं मनासारखं झालं तरी जिल्ह्याची भूक १८० ते २०० जागांपुढे जात नाही. साठ-साठ मुलांच्या तुकड्या काढणारी एक संस्था ती तीन-चार वर्षांत भागवू शकते. म्हणून कोर्सची दुकानं वाढवणं हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ठरावीक जागा, त्या जागांना जोडून ठरावीक प्रवेश, हाच मार्ग आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा : डॉक्टर बसतोय ना गाडीत, मग त्याच्या जागी कमी शिकलेला माणूस आणून आदिवासींच्या वाट्याला पुन्हा दुय्यम सेवाच का? आक्षेपामागची भावना योग्य आहे, कारण दुर्गम भागाला नेहमी उरलंसुरलं मिळालेलं आहे. पण डॉक्टर गाडीत टिकतो का, हे आधी पाहायला हवं. बीएएमएस डॉक्टरला समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून २५,००० ठरलेले आणि १५,००० पर्यंत कामावर आधारित, असे चाळीस हजार मिळू शकतात. नवसंजीवन योजनेतल्या भरारी पथकाच्या मानसेवी डॉक्टरांचं मानधनही २४,००० वरून ४०,००० झालं. दिवसाची, एका जागेवरची ड्यूटी समोर असताना रात्रीची घाटातली पाळी कोण किती वर्षं करील? तरुण डॉक्टर गाडीकडे थांबा म्हणून पाहतो आणि त्यात त्याची चूक नाही. दुसरं म्हणजे गाडीतल्या उपचारांत पदवीपेक्षा वेग आणि सराव जास्त कामाला येतो. कॅनडाच्या ओंटारिओमध्ये झालेला मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शॉक देण्याची सोय आधीपासून असलेल्या ठिकाणी प्रगत उपचारांची भर घातल्यावर हृदय बंद पडलेल्या रुग्णांचं जगण्याचं प्रमाण वाढलं नाही, ५.० वरून ५.१ टक्के एवढंच झालं. आपल्या घरचा दाखला त्याहून बोलका आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. त्या बायका डॉक्टर नव्हत्या. त्यांना काय करायचं ते नेमकं शिकवलं होतं, त्यांच्यावर देखरेख होती आणि त्या गाव सोडून जाणार नव्हत्या. म्हणून प्रगत गाडीवर डॉक्टर राहू द्यावा, त्याच्या जोडीला तंत्रज्ञ द्यावा, आणि प्राथमिक गाडी तंत्रज्ञाने फोनवरच्या डॉक्टरच्या सल्ल्याने चालवावी. मोजक्या डॉक्टरांना वीस गाड्यांवर पातळ पसरण्यापेक्षा हे रुग्णाच्या अधिक हिताचं आहे.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा. पाड्यापर्यंत गाडी जात नाही, मोबाइलला रेंज नाही, तर आधी रस्ता आणि टॉवर करा, माणसाच्या पगाराचं नंतर पाहू, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. रस्ता हवाच. पण गाडी जिथे पोचत नाही तिथे माणूस अधिक लागतो, हे या युक्तिवादात सुटून जातं. झोळीतून चार तास प्रवास करणाऱ्या रुग्णाला रस्ता पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही, आणि त्या चार तासांत त्याच्यासोबत चालू शकेल, मोडलेल्या पायाला आधार बांधील, साप चावलेला अवयव करकचून आवळू देणार नाही, असा माणूस फक्त त्याच भागातला असू शकतो. कोविडच्या काळात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच ऑक्सिजन प्रकल्प उभारले, रुग्णवाहिका घेतल्या आणि देशभर नंदुरबारचं नाव झालं. त्या कामाचं श्रेय निर्विवाद आहे. त्याबरोबर एक मर्यादाही लक्षात येते. नियोजनाच्या निधीतून गाडी आणि यंत्र घेता येतं, दर महिन्याचा पगार सहसा देता येत नाही. यंत्राचं उद्घाटन होतं, पगाराचं होत नाही. देशभरच्या शंभर रुग्णालयांची पाहणी करणाऱ्या नीती आयोग व एम्सच्या २०२१ च्या अहवालातही हेच चित्र आहे. ९१ टक्के रुग्णालयांकडे स्वतःची रुग्णवाहिका होती, पण प्रशिक्षित पॅरामेडिक फक्त ३४ टक्क्यांकडे.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो : स्थानिक मुलं हे काम पेलतील का? त्याला उत्तर म्हणून पिट्सबर्गचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९६७ मध्ये त्या शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना डॉ. पीटर साफर यांनी प्रशिक्षण दिलं आणि ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. अमेरिकेतल्या आधुनिक पॅरामेडिक सेवेचा पाया घालणाऱ्यांत तिची गणना होते. पुढे तिथल्या वैद्यकीय संचालक डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी देशाचा पॅरामेडिक अभ्यासक्रम लिहिला. ज्यांना काम जमणार नाही असं समजलं जात होतं, त्यांनीच कामाचा दर्जा ठरवला. पण गोष्ट इथे संपत नाही. १९७५ मध्ये नगरपालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि नव्या परीक्षा व अटींच्या रेट्यात त्यांच्यातले बरेचसे बाहेर फेकले गेले. नंदुरबारसाठी यात दोन धडे आहेत. पावरी, भिली, मावची बोलणारा मुलगा घाबरलेल्या बाळंतिणीला जे विचारू शकतो ते पुण्याहून आलेला विचारू शकत नाही, म्हणून स्थानिक असणं ही पात्रताच मानली पाहिजे. आणि ती भरतीच्या नियमांत लिहून ठेवली पाहिजे. नाहीतर पद चांगलं झालं, पगार वाढला की ते भलत्यांच्याच हाती जातं.

कायद्याने या बाबतीत एक दार उघडून ठेवलेलं आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा व्यवसाय त्याच्या अनुसूचीत नावानिशी आहे आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं शिक्षण त्याने ठरवून दिलेलं आहे. म्हणजे तीन-सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर स्वतःला तंत्रज्ञ म्हणवण्याचे दिवस संपत आलेत. नोंदणीने पगार वाढतो का? ब्रिटनचा अनुभव होकाराकडे झुकतो. तिथे २००० मध्ये पॅरामेडिकची कायदेशीर नोंदणी सुरू झाली, शिक्षण हळूहळू पदवीपर्यंत गेलं आणि २०१६ च्या करारानंतर त्यांना राष्ट्रीय आरोग्य सेवेत पाचव्या श्रेणीऐवजी सहावी मिळू लागली. सोळा वर्षं लागली, आणि नुसत्या नोंदणीने ते झालं नाही. श्रेणी देणारा एकच मोठा मालक, म्हणजे सरकार, समोर होता म्हणून झालं. आपल्याकडे नोंदणी एका खात्याकडे, नेमणूक कंपनीकडे आणि खर्च अभियानाकडे, असे तीन तोंडांचे मालक असतील, तर नोंदणीचा कागद भिंतीवरच लटकत राहील.

शेवटचा आक्षेप पैशांचा, आणि तो आकड्यांनीच मिटतो. तंत्रज्ञाला आरोग्य सेवकाची २५,५०० ची श्रेणी द्यावी, कारण शिक्षण आणि जबाबदारी त्या तोडीची आहे. सर्व भत्ते धरून माणशी महिन्याला ४५,००० रुपये खर्च मानला आणि वर मांडलेली १८० पदं भरली, तर वर्षाला ९ कोटी ७२ लाख रुपये लागतात. जिल्ह्याच्या २०११ च्या लोकसंख्येवर वाटला तर हा खर्च माणशी वर्षाला साठ रुपयांच्या आत राहतो. आदिवासी उपयोजनेच्या तरतुदीपुढे ही रक्कम डोईजड नाही. शिवाय तंत्रज्ञ नसल्याचा खर्च आजही होतोच. तो सुरतेच्या खासगी रुग्णालयाच्या बिलात, त्यासाठी विकलेल्या बैलजोडीत आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचललेल्या रकमेत होतो. तो सरकारी ताळेबंदात दिसत नाही, एवढंच.

राज्याने करायचं ते असं : आधी पदनिर्मिती, मग त्या पदाची पेसा संवर्गांत नोंद, मग नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मंजूर पदांच्या प्रमाणात जागा असलेला अभ्यासक्रम, आणि दहा वर्षांच्या कंत्राटात आठ तासांच्या पाळीची व किमान श्रेणीची अट. २०२० मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाला जिल्ह्याच्या गरजेचं याहून नेमकं काम सापडणार नाही. तंत्रज्ञासाठी पुढे वरिष्ठ तंत्रज्ञ, पाळीप्रमुख, प्रशिक्षक अशी शिडी असावी, म्हणजे चाळिशीत कंबर गेल्यावर स्ट्रेचर उचलणाऱ्याला घरी बसावं लागणार नाही. हे होईपर्यंत फी भरायला निघालेल्या मुलामुलींनी संस्थेला चार प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रम २,००० तासांचा आहे का? नोंदणी मिळेल अशी लेखी हमी आहे का? कॅज्युअल्टी आणि गाडीवरचा सराव किती आठवड्यांचा, कोणत्या रुग्णालयात? आणि मागच्या तुकडीतले किती जण आज कुठे, किती पगारावर आहेत? उत्तरं गुळमुळीत आली तर तीच फी नर्सिंग किंवा औषधनिर्माण शास्त्राला घालणं शहाणपणाचं आहे, कारण त्या कामांना निदान श्रेणी आहे. ज्यांना याच कामाची ओढ आहे त्यांच्यासाठी आजच्या घडीला सीमेपलीकडची १०८ हा अधिक खात्रीचा रस्ता आहे. नंदुरबारने शिकवलेली मुलं गुजरातच्या गाड्यांवर जावीत आणि नंदुरबारच्या गाड्यांनी डॉक्टर मिळेल का म्हणून वाट पाहत राहावं, ही व्यवस्था सोयीची वाटत असेल तर ती फक्त कागदावर. ती बदलायला निधी थोडा आणि शासन निर्णय एक पुरे.